प्रोसेसर बंद पडला, तरी सिस्टिम चालूच! 'नॉनस्टॉप' कम्प्युटरमधला बिघाड शोधतात कसा?

पगाराचा दिवस. एटीएमबाहेर रांग. तुमचा नंबर येतो, तुम्ही कार्ड घालता, पिन टाकता, नोटा मोजता आणि बाहेर पडता.

आता समजा, तुमचा हा व्यवहार ज्या कम्प्युटरवर चालला होता, त्यातला एक प्रोसेसर नेमका त्याच क्षणी बंद पडला. मग? खात्यातून रक्कम वजा होणार आणि मशीनमधून नोटा येणारच नाहीत?

आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर बंद पडला तर सगळंच थांबतं. पण बँका, शेअर बाजार, कार्ड कंपन्या यांना असं थांबणं परवडत नाही. त्यांच्यासाठी एक वेगळ्याच जातीचे कम्प्युटर बनवले गेले. त्यांना 'फॉल्ट टॉलरंट' म्हणतात, म्हणजे आतला एखादा भाग बिघडला तरी काम चालू ठेवणारे. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे 'नॉनस्टॉप'.

नॉनस्टॉपमधला एक प्रोसेसर बंद पडला तर बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

गाडी पंक्चर झाली, तुम्ही स्टेपनी लावली आणि पुढे निघालात. गाडी मस्त धावतेय, म्हणून पंक्चर काढायचं राहून गेलं. आता पुढच्या पंक्चरला काय करणार? बंद प्रोसेसर घेऊन चालणारी सिस्टिम अगदी अशीच असते. चालू आहे, पण स्टेपनी संपलेली आहे.

म्हणूनच ही सिस्टिम सांभाळणाऱ्या ऑपरेटर लोकांकडे कमांडचा एक ठरलेला संच असतो. कोणती कमांड कधी द्यायची, त्यातून काय बघायचं आणि घाईघाईत रीस्टार्ट केलं तर आपण काय गमावतो, हे सगळं समजून घेऊ.

(या कमांड प्रत्यक्षात इंग्रजीत टाइप करतात. इथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.)

आधी हे नॉनस्टॉप प्रकरण काय आहे?

१९७४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात 'टँडम कम्प्युटर्स' नावाची कंपनी सुरू झाली. सुरू करणारे होते जिमी ट्रेबिग. ते आधी ह्युलेट-पॅकार्डमध्ये, म्हणजे एचपीत काम करायचे. कंपनीचा पहिला कम्प्युटर 'टँडम/१६' १९७६ मध्ये सिटीबँकेला गेला. एका सिस्टिममध्ये कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त १६ प्रोसेसर बसवता यायचे.

पुढे मालक बदलत गेले. १९९७ मध्ये कॉम्पॅकने टँडम विकत घेतली, २००२ मध्ये एचपीने कॉम्पॅकच विकत घेतली आणि २०१५ मध्ये एचपीचे दोन भाग झाले, तेव्हा नॉनस्टॉप ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझकडे आलं. आतले प्रोसेसरही बदलले. आधी टँडमचे स्वतःचे, मग मिप्स, मग इंटेलचे इटॅनियम आणि आता एक्स-८६ जातीचे. मूळ कल्पना मात्र तीच राहिली.

ती कल्पना अशी. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र. कुणीही दुसऱ्याच्या मेमरीत हात घालायचा नाही. बोलायचं असेल तर एकमेकांना मेसेज पाठवायचे. आणि मेसेज जायला रस्ते दोन, एक्स आणि वाय. एक रस्ता तुटला तरी दुसरा आहेच.

यामुळे एका प्रोसेसरच्या मेमरीत गोंधळ झाला तरी तो शेजाऱ्यापर्यंत पोचत नाही. चाळीत एका खोलीचा फ्यूज उडाला म्हणून बाकीच्या खोल्या अंधारात जात नाहीत, तसंच.

दलाल स्ट्रीटवरचा 'हिमालय'

हे सगळं कुठेतरी लांब अमेरिकेत चाललंय असं वाटत असेल तर थांबा. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने, म्हणजे बीएसईने, आरडाओरडा करून होणारे सौदे बंद करून 'बोल्ट' ही ऑनलाइन पद्धत आणली. सीएमसी या भारतीय कंपनीने तयार केलेली ही यंत्रणा टँडमच्या कम्प्युटरवर चालायची. टँडमच्या त्या मालिकेचं नावच होतं 'हिमालय'.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, राष्ट्रीय शेअर बाजार म्हणजे एनएसई सुरू झाला. त्यांनी निवडले 'स्ट्रेटस' कंपनीचे कम्प्युटर. स्ट्रेटस ही टँडमची थेट स्पर्धक. तिची रीत वेगळी होती. तिथे एकच काम दोन जोड्या एकाच वेळी करतात, आणि एखाद्या जोडीतल्या दोघांची उत्तरं जुळली नाहीत की ती जोडी बाजूला काढली जाते.

म्हणजे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत ज्यांनी शेअर घेतले-विकले, त्यांचे सौदे फॉल्ट टॉलरंट कम्प्युटरवरूनच गेले होते. बीएसईने पुढे दुसरं तंत्रज्ञान घेतलं, ही गोष्ट वेगळी.

प्रोसेसर 'हॉल्ट' होतो म्हणजे काय होतं?

नॉनस्टॉपमध्ये प्रोसेसर बंद पडण्याला 'हॉल्ट' म्हणतात. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुतेक वेळा प्रोसेसर स्वतःहून थांबतो.

आपल्या आत काहीतरी चुकलंय, मेमरीतला हिशेब जुळत नाही, असं ऑपरेटिंग सिस्टिमच्या लक्षात आलं की ती अंदाजपंचे पुढे जात नाही. जागच्या जागी थांबते. याला 'फेल फास्ट' म्हणतात. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणं बरं, हा त्यामागचा विचार. बँकेच्या खात्यात एक शून्य जास्त पडण्यापेक्षा एक प्रोसेसर बंद पडलेला चालतो.

पण बाकीच्यांना हे कळतं कसं? त्यासाठी एक साधी युक्ती आहे. प्रत्येक प्रोसेसर साधारण दर सेकंदाला बाकी सगळ्यांना एक छोटा मेसेज पाठवतो, 'मी जिवंत आहे'. आणि साधारण दर दोन सेकंदांनी प्रत्येक जण तपासतो, सगळ्यांचे मेसेज आले का? एखाद्याचा आला नाही तर बाकीचे आपसात पडताळा करतात. याला 'रीग्रुप' म्हणतात. कोण आत आणि कोण बाहेर यावर सगळ्यांचं एकमत झालं की त्या प्रोसेसरला 'डाउन' धरलं जातं.

हे एकमत महत्त्वाचं आहे. नाहीतर अर्ध्यांना वाटेल तिसरा गेला, अर्ध्यांना वाटेल तिसरा आहे, आणि एकच काम दोघं करत बसतील.

तुमचा व्यवहार मग कोण पूर्ण करतं?

नॉनस्टॉपमध्ये महत्त्वाचे प्रोग्राम जोडीने चालतात. याला 'प्रोसेस पेअर' म्हणतात. मुख्य प्रोसेस एका प्रोसेसरवर आणि तिची बॅकअप प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसरवर. मुख्य प्रोसेस काम करता करता महत्त्वाच्या टप्प्यांवर बॅकअपला कळवत राहते, 'मी इथपर्यंत आले'. याला चेकपॉइंट म्हणतात.

मुख्य प्रोसेसचा प्रोसेसर बंद पडला की ऑपरेटिंग सिस्टिम बॅकअपला एक मेसेज देते. त्याचा क्रमांक आहे -२, अर्थ 'प्रोसेसर डाउन'. बॅकअप शेवटच्या चेकपॉइंटपासून काम उचलते. तुम्ही एटीएमसमोर उभेच असता, तुम्हाला फार तर क्षणभर जास्त थांबावं लागतं.

आता त्या प्रोसेसकडे बॅकअप उरलेली नाही. स्टेपनी लागली. इथून ऑपरेटरचं काम सुरू होतं.

पायरी १ : खरंच बंद आहे का? आणि कोणता?

नॉनस्टॉपवर कमांड द्यायची जागा म्हणजे 'टॅकल'. हा टँडमच्या कमांड भाषेच्या नावाचा उच्चार. विंडोजमधला काळा कमांड प्रॉम्प्ट पाहिला असेल, तर साधारण तसंच.

इथे सगळ्यात आधी उपयोगी पडते 'स्टेटस' ही कमांड. प्रोसेसरना ० पासून १५ पर्यंत क्रमांक असतात. 'स्टेटस ३, *' असं टाइप केलं की ३ नंबरच्या प्रोसेसरवर चाललेल्या प्रोसेसची यादी मागितली जाते. चालू प्रोसेसर लांबलचक यादी देतो. बंद प्रोसेसरकडून यादी येत नाही.

पण एवढ्यावरून 'प्रोसेसर बिघडला' असं म्हणता येत नाही. कदाचित प्रोसेसर धडधाकट असेल आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता तुटला असेल.

म्हणून दुसरी कमांड. ती 'एससीएफ' नावाच्या साधनातून देतात. सिस्टिममधले डिस्क, नेटवर्क, जोडण्या असे सगळे भाग सांभाळायचं हे साधन. त्यात 'स्टेटस सर्व्हरनेट $झेडएसनेट' अशी कमांड दिली की एक तक्ता येतो. उभ्या-आडव्या रांगांत प्रोसेसरचे क्रमांक आणि प्रत्येक चौकटीत कोणाकडून कोणाकडे जाणारा रस्ता चालू आहे ते लिहिलेलं. एक्स रस्त्याचा तक्ता वेगळा, वायचा वेगळा.

तक्ता वाचायचा कसा? ३ नंबरकडे जाणारे सगळे रस्ते एक्स आणि वाय दोन्हींत बंद दिसत असतील, तर संशय ३ नंबरच्या प्रोसेसरवर. फक्त एक्समध्ये बंद आणि वायमध्ये चालू असतील, तर प्रोसेसर शाबूत आहे, लफडं रस्त्यात आहे. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी शेजारी विचारतो ना, तुमच्याकडे आलंय का म्हणून? तसंच हे.

पायरी २ : काय झालं होतं? नोंदी बघा

प्रोसेसर थांबला की तो जाता जाता एक आकडा मागे ठेवतो. त्याला 'हॉल्ट कोड' म्हणतात. तो बघायला 'ओएसएम' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. त्यात सिस्टिमचं चित्रच दिसतं आणि बिघडलेल्या भागावर खूण येते. त्या प्रोसेसरवर क्लिक केलं की हॉल्ट कोड दिसतो. याच्या आधीच्या पिढीत हेच काम 'टीएसएम' करायचं.

हॉल्ट कोडच्या आधी % हे चिन्ह असतं. नवशिक्या माणसाला वाटतं, टक्के! पण इथे % चा टक्क्यांशी काही संबंध नाही. पुढचा आकडा ऑक्टल पद्धतीचा आहे, एवढंच ते सांगतं. ऑक्टलमध्ये ० ते ७ एवढेच अंक असतात. म्हणजे %१०० चा अर्थ शंभर नाही, चौसष्ट. फोनवर सपोर्टवाल्याला आकडा सांगताना हे चिन्ह विसरलं तर समोरचा भलतंच पान उघडून बसायचा.

'भलतंच पान' असं म्हणतोय कारण या कोडचे अर्थ सांगणारी वेगळी पुस्तिकाच आहे. कोणता कोड हार्डवेअरकडे बोट दाखवतो, कोणता ऑपरेटिंग सिस्टिमकडे, आणि पुढे काय करायचं, हे त्यात असतं.

कोड लिहून घेतला की पुढचं काम म्हणजे लॉग. नॉनस्टॉपमध्ये घडणाऱ्या घटनांची नोंद 'ईएमएस' ठेवतं. सगळ्या नोंदी आधी '$०' नावाच्या प्रोसेसकडे गोळा होतात. त्या वाचता येतील अशा रूपात काढायला 'ईएमएसडिस्ट' हा प्रोग्राम वापरतात. कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतच्या नोंदी हव्यात, ते त्याला सांगता येतं.

इथे अनुभवी ऑपरेटर काय करतो? प्रोसेसर बंद पडल्याच्या क्षणापासून पुढे बघण्याऐवजी तो मागे जातो. आधीच्या काही मिनिटांत एखादी डिस्क कुरकुरत होती का? मेमरीत दुरुस्त केलेल्या चुकांच्या नोंदी वाढल्या होत्या का? कुणी नवा प्रोग्राम चढवला होता का? कारण बरेचदा तिथे असतं. प्रोसेसर डाउन झाल्यानंतरच्या शेकडो नोंदी हा नुसता परिणाम असतो.

पायरी ३ : बाकीच्यांची तब्येत कशी आहे?

एक प्रोसेसर गेला म्हणजे त्याचं काम बाकीच्यांच्या अंगावर आलं. ते झेपतंय का, हे बघायला दोन साधनं आहेत.

'व्ह्यूसिस' हे पडद्यावर चालू असलेला हिशेब दाखवतं. कोणता प्रोसेसर किती व्यस्त आहे, कुठे रांग साचतेय, ते एका नजरेत कळतं.

'पीक' हे एकेका प्रोसेसरच्या पोटात डोकावतं. मेमरी किती उरली, आतल्या राखीव जागा कितपत भरल्या, ते दाखवतं.

आणि तिसरी कमांड, जी मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते, ती म्हणजे 'पीपीडी'. ही नाव असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी देते. एका रकान्यात मुख्य प्रोसेस कुठे आहे, दुसऱ्यात बॅकअप कुठे आहे. सगळं ठीक असताना दोन्ही रकाने भरलेले असतात. प्रोसेसर बंद पडल्यावर हीच कमांड दिली, की बॅकअपच्या रकान्यात ठिकठिकाणी रिकाम्या जागा दिसतात.

या रिकाम्या जागा म्हणजे आत्ता एकट्याने चाललेली कामं. ग्राहकांना काही कळलेलं नाही, स्क्रीनवर सगळं सुरळीत आहे, पण यातला आणखी एक प्रोसेसर गेला तर ही कामं खरोखर थांबतील. धोका किती मोठा आहे, हे मोजायची याहून सोपी पद्धत नाही.

पायरी ४ : आधी डम्प, मग रीलोड

आता येतो सगळ्यात मोहाचा क्षण.

मोबाइल हँग झाला की आपण काय करतो? बंद करून चालू. वायफाय गेलं? बंद करून चालू. ऑपरेटरलाही वाटतं, प्रोसेसर पुन्हा चालू करावा आणि मोकळं व्हावं. त्याची कमांडही साधी आहे, 'रीलोड'. चालू असलेला एक प्रोसेसर बंद पडलेल्यात ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा भरतो आणि तो कामाला लागतो. यासाठी सिस्टिम बंद करावी लागत नाही.

पण रीलोड करताना त्या प्रोसेसरची मेमरी नव्याने भरली जाते. आणि तो का थांबला याचा सगळा पुरावा त्याच मेमरीत असतो. थांबला तेव्हा कोणती प्रोसेस चालू होती, कोणत्या सूचनेवर अडला, ऑपरेटिंग सिस्टिमचे आतले तक्ते कसे होते, सगळं. रीलोड केलं म्हणजे पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुऊन काढली.

म्हणून नियम असा की आधी 'डम्प' घ्यायचा. डम्प म्हणजे बंद प्रोसेसरच्या संपूर्ण मेमरीची प्रत डिस्कवरच्या फाइलमध्ये उतरवून ठेवणं. त्यासाठीची कमांड 'आरसीव्हीडम्प'. तिला तीन गोष्टी सांगायच्या. प्रत कोणत्या फाइलमध्ये ठेवायची, कोणत्या प्रोसेसरची घ्यायची आणि एक्स-वायपैकी कोणत्या रस्त्याने आणायची. बंद प्रोसेसर स्वतः काही करू शकत नाही, म्हणून चालू असलेला प्रोसेसर त्याची मेमरी रस्त्यावरून ओढून घेतो.

यात दोन व्यावहारिक अडचणी येतात. एक म्हणजे जागा. मेमरी जेवढी मोठी, डम्प तेवढा मोठा. डिस्कवर तेवढी जागा आधीपासून राखून ठेवलेली नसेल, तर ऐनवेळी फाइल्स पुसत बसावं लागतं.

दुसरी अडचण वेळेची. डम्प उतरवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सिस्टिम स्टेपनीशिवाय चालते. वरून फोन येत असतात, 'अजून चालू का नाही केला?' इथे ऑपरेटरची खरी परीक्षा असते. पटकन रीलोड केलं तर आजची रात्र निभावेल, पण कारण हाती लागणार नाही आणि तोच बिघाड पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर उभा राहील. डम्प घेत बसलं तर तेवढा वेळ जोखीम अंगावर.

ऐनवेळी हा निर्णय एकट्या ऑपरेटरवर पडू नये. कोणत्या परिस्थितीत डम्पसाठी थांबायचं आणि कोणत्या परिस्थितीत नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

एक सूचना. डम्पमध्ये मेमरी जशीच्या तशी उतरते, म्हणजे त्या क्षणी तिथे असलेली ग्राहकांची माहितीही त्यात येऊ शकते. ही फाइल कुणाच्याही हाती देण्याची नाही.

पायरी ५ : डम्प वाचतो कोण?

डम्प फाइल उघडून सरळ वाचता येत नाही. त्यासाठी खास साधनं आहेत. टँडमच्या जुन्या मशीनवर त्याचं नाव होतं 'क्रॅश', मिप्स प्रोसेसरच्या काळात 'गार्थ' आलं आणि इटॅनियमसाठी 'ई-गार्थ'. त्यातून तज्ज्ञ लोक थांबलेल्या क्षणाचं चित्र उभं करतात. साधारणपणे हे काम कंपनीच्या सपोर्ट टीमकडे जातं. ऑपरेटरची जबाबदारी म्हणजे डम्प, हॉल्ट कोड आणि त्या वेळेचा लॉग या तिन्ही गोष्टी शाबूत त्यांच्यापर्यंत पोचवणं.

पायरी ६ : रीलोड झालं, आता घरी जायचं?

अजून नाही. प्रोसेसर पुन्हा चालू झाल्यावर प्रोग्रामना आणखी एक मेसेज जातो, क्रमांक -३, अर्थ 'प्रोसेसर अप'. नीट लिहिलेले प्रोग्राम हा मेसेज मिळाला की आपली बॅकअप पुन्हा उभी करतात. पण सगळेच प्रोग्राम नीट लिहिलेले असतात असं नाही. म्हणून 'पीपीडी' पुन्हा द्यायची आणि त्या रिकाम्या जागा भरल्या का ते बघायचं.

मग कामाची वाटणी. बिघाडाच्या वेळी डिस्क सांभाळायचं काम दुसऱ्या प्रोसेसरकडे गेलेलं असतं. ते तिथेच राहिलं तर एकावर ओझं आणि दुसरा निवांत अशी स्थिती होते. एससीएफमधली 'प्रायमरी' ही कमांड वापरून ते काम मूळ जागी परत आणता येतं. शेवटी सर्व्हरनेटचा तक्ता पुन्हा एकदा बघायचा. दोन्ही रस्ते चालू दिसले की मगच हुश्श.

हे सगळं आपोआप होत नाही का?

होतं. नॉनस्टॉपवर 'टीएफडीएस' नावाची यंत्रणा असते. प्रोसेसर थांबला की ती स्वतः ओळखते, डम्प घेते आणि रीलोडही करते. रात्री तीन वाजता कुणी स्क्रीनसमोर नसताना याचा मोठा आधार असतो.

मग कमांड शिकायच्या कशाला? कारण टीएफडीएसला डम्पसाठी जागा मिळाली नाही, ती नीट लावलेलीच नव्हती किंवा रीलोड करूनही प्रोसेसर पुन्हा पुन्हा थांबत असेल, तर शेवटी माणसालाच बसावं लागतं. शिवाय आपोआप रीलोड झालेल्या प्रोसेसरकडे कुणी वळूनही बघत नाही, हा धोका आहेच. सकाळी येऊन लॉग वाचला नाही, तर रात्री काही घडलं होतं हेच कळणार नाही.

पण तोच प्रोग्राम बॅकअपवर पुन्हा का कोसळत नाही?

हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर शाब्बास. सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे पहिला प्रोसेसर थांबला, तर तेच सॉफ्टवेअर चालवणारा दुसराही थांबायला हवा ना?

याचं उत्तर टँडममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये एका गाजलेल्या निबंधात दिलं. कम्प्युटर का बंद पडतात, हाच त्याचा विषय होता. याच ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांनी चुकांचे दोन प्रकार सांगितले. 'बोरबग' म्हणजे दर वेळी हमखास दिसणारी चूक. आणि 'हायझेनबग' म्हणजे विशिष्ट वेळ, विशिष्ट क्रम जुळून आला तरच दिसणारी, शोधायला गेलं की गायब होणारी चूक. नावं नील्स बोर आणि वर्नर हायझेनबर्ग या शास्त्रज्ञांवरून. बोरबग तपासणीतच सापडून जातात. प्रत्यक्ष वापरात उरतात ते बहुतेक हायझेनबग. ग्रे यांनी दिलेल्या एका उदाहरणात सॉफ्टवेअरच्या १३२ बिघाडांपैकी फक्त १ बोरबग होता. बॅकअप प्रोसेसरवर वेळ आणि क्रम थोडा बदलतो, त्यामुळे ती चूक सहसा पुन्हा घडत नाही.

त्याच निबंधात आणखी एक आकडेवारी आहे. टँडमच्या ग्राहकांकडे संपूर्ण सिस्टिम बंद पडण्याची कारणं त्यांनी तपासली. नव्या उत्पादनांचे सुरुवातीचे बिघाड वगळल्यावर हार्डवेअरमुळे १८ टक्के, सॉफ्टवेअरमुळे २५ टक्के, वीज-वातानुकूलन अशा बाहेरच्या कारणांमुळे १४ टक्के. आणि सगळ्यात जास्त, ४२ टक्के, सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसांच्या कामामुळे.

म्हणजे यंत्राने आपल्या बाजूने पुरेपूर तयारी केली, तरी घोटाळा बरेचदा त्याच्याभोवती होतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईवरचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजने सांगितलेलं कारण प्रोसेसरचं नव्हतं, टेलिकॉम लिंकमधल्या बिघाडाचं होतं.

थोडक्यात, कोणती कमांड कशासाठी?

१. स्टेटस : प्रोसेसरवर काही चालू आहे का, ते बघायला.
२. एससीएफमधली स्टेटस सर्व्हरनेट : प्रोसेसर बंद आहे की रस्ता, ते ओळखायला.
३. ओएसएम : हॉल्ट कोड बघायला. कोड % चिन्हासकट लिहून घ्या.
४. ईएमएसडिस्ट : बिघाडाच्या आधीच्या नोंदी वाचायला.
५. व्ह्यूसिस आणि पीक : उरलेल्या प्रोसेसरवरचा भार बघायला.
६. पीपीडी : बॅकअप नसलेल्या प्रोसेस शोधायला. रीलोडच्या आधी एकदा, नंतर एकदा.
७. आरसीव्हीडम्प : मेमरीची प्रत घ्यायला. रीलोडच्या आधी.
८. रीलोड : प्रोसेसर पुन्हा कामाला लावायला.
९. एससीएफमधली प्रायमरी : कामाची वाटणी पूर्ववत करायला.

पुढच्या वेळी एटीएममधून नोटा बाहेर आल्या, की एक शक्यता मनात ठेवा. तुमचा व्यवहार पूर्ण होत असताना कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये एखादा प्रोसेसर थांबलेला असू शकतो आणि कुणीतरी स्क्रीनसमोर बसून, फोन वाजत असतानाही, आधी डम्प घेत असेल. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही, कारण सिस्टिमने तिचं काम केलं. पंक्चर काढायचं काम मात्र अजूनही माणसाकडेच आहे.